टायमिंग बेल्ट घरी बदलला, आता गाडी मिसिंग मारते, पिकअप नाही, शिट्टी वाजते: कुठून तपासायला सुरुवात करायची

टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा खालचा दांडा) आणि कॅम (वॉल्व्ह उघडणारा वरचा दांडा) यांना ठरलेल्या मेळात फिरवणारा दातांचा पट्टा. तो नवा टाकला, कव्हर लावलं, सेल्फ मारला, गाडी स्टार्टही झाली. पण ती पूर्वीसारखी चालत नाही. तुमच्या गाडीचं खालीलपैकी कोणतं लक्षण आहे ते आधी नीट ओळखा, मगच पाना हातात घ्या.

सेल्फ नेहमीसारखा फिरतो, पण गाडी उशिरा स्टार्ट होते, आयडलला थरथरते, चढाला दम टाकते, पेट्रोल जास्त खाते. हे बेल्ट एखादा दात चुकल्याचं, म्हणजे पुलीवर एक दात पुढे-मागे बसल्याचं लक्षण आहे.

कार्ब्युरेटरमधून किंवा सायलेन्सरमधून फटाके फुटतात. दोन-तीन दात चुकलेत, नाहीतर प्लगच्या वायरी इकडच्या तिकडे झाल्यात.

रेस वाढवली की आवाजही चढत जातो, घूंऽऽ असा. बेल्ट फार ताणला गेलाय.

सकाळी पहिल्या स्टार्टला कव्हरच्या आत फट-फट असं काहीतरी आपटतं आणि गरम झाल्यावर थांबतं. बेल्ट सैल आहे, किंवा कव्हर नीट न बसल्यामुळे घासतंय.

चेक इंजिनचा दिवा लागतो, तोही बेल्ट बदलल्याच्या दिवसापासून. सेन्सरचा प्लग लावायचा राहिलाय किंवा वायर चेपलीये, नाहीतर दात चुकलाय.

सेल्फ भिर्रकन हलका फिरतो, इंजिन दाबच धरत नाही. बेल्ट तुटलाय, निसटलाय किंवा त्याचे दात सोलले गेलेत. किंवा हाताने फिरवताना वा सेल्फ मारताना ‘खट्’ असा धातूचा आवाज येतो. या दोन्हींत पुन्हा सेल्फ मारू नका. एकदाही नाही.

मी कुपवाडच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला फिटर होतो. गाड्यांचं काम हा व्यवसाय नाही, पण आमच्या गल्लीतल्या, नात्यातल्या मारुती ८००, ओम्नी, जुन्या अल्टो, सँट्रो या गाड्यांचे बेल्ट मी बरेच बदलले, आणि त्याहून जास्त वेळा दुसऱ्याने बदललेले पुन्हा जुळवून दिले. बिघाड जवळजवळ दर वेळी तोच असतो. पार्ट चांगला असतो, जुळणी चुकलेली असते. म्हणून दुकानात जाऊन पुन्हा सगळा सेट आणण्याआधी खालच्या क्रमाने जा. पहिल्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत.

तुमच्या गाडीत बेल्टच आहे ना, हे आधी पक्कं करा. मारुतीच्या के-सिरीजच्या इंजिनांत आणि स्विफ्टच्या १.३ डिझेलमध्ये चेन असते. आय-टेनमध्ये १.१ च्या इंजिनाला बेल्ट, तर १.२ कप्पाला चेन. एकाच नावाच्या दोन गाड्यांत हा फरक पडतो, म्हणून नावावर जाऊ नका, इंजिन बघा.

कानाने

फक्त शिट्टीचीच तक्रार असेल तर टायमिंग बेल्टवर संशय घेण्याआधी बाहेरचा बेल्ट बघा, ज्याला आपण फॅन बेल्ट म्हणतो. टायमिंग बेल्ट काढायचा म्हणजे हा आधी काढावाच लागतो आणि परत लावताना तो बहुतेक वेळा सैल राहतो. सकाळी चीं-चीं करून मिनिटभरात थांबणारा आवाज याचाच. इंजिन थंड असताना फॅन बेल्ट उतरवा, गाडी अर्धं मिनिट चालवा आणि ऐका. आवाज गेला तर टायमिंगचं कव्हर उघडायची गरजच नाही. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त चालवू नका, कारण ८०० सारख्या गाड्यांत वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो. बॅटरीचा दिवा लागेल, त्याची काळजी नको. बाह्या दुमडून घ्या, ओढणी-मफलर लांब ठेवा.

काढलेलं परत लावलंय का

यात हमखास काहीतरी राहून जातं. एअर फिल्टरचा पाइप, एखादी व्हॅक्यूमची नळी, क्रँक सेन्सरचा प्लग, इंजिनाची अर्थिंगची वायर. क्रँक सेन्सरची वायर तर पुलीच्या अगदी जवळून जाते आणि कव्हरखाली चेपते. प्लग काढले असतील तर वायरींचा क्रम तपासा: ८०० च्या तीन सिलेंडरला फायरिंग १-३-२, चार सिलेंडरच्या बहुतेक गाड्यांना १-३-४-२. दोन वायरींची अदलाबदल झाली तरी गाडी नेमकी दात चुकल्यासारखीच वागते. म्हणून ही पाच मिनिटं आधी द्यायची. एकदा मी एका अल्टोचा बेल्ट अख्खा उतरवला आणि दोष शेवटी निघाला इनटेकवरून निसटलेल्या नळीत.

वरचं कव्हर आणि बॅटरी

बॅटरी म्हणजे इथे हातातली. गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर मात्र आता काढून ठेवा, कारण यापुढे बोटं बेल्टजवळ जाणार आहेत. वरच्या कव्हरचे बोल्ट बहुतेक दहाच्या गोटी (सॉकेट) पान्याने निघतात.

बेल्टच्या कडा बघा. एकाच बाजूची कड झिजून सुतं निघाली असतील तर टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी चाकी) तिरका बसलाय किंवा बेल्टमागची पत्र्याची चकती उलटी लागलीये. तळाशी काळी भुकटी साचली असेल तर बेल्ट कशावर तरी घासतोय. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, बोट फिरवून बघा. चिकट लागतं का? बेल्टच्या रबराला तेल चालत नाही. तेलाने रबर फुगतं, दात मऊ पडतात आणि एक दिवस क्रँकची पुली ते दात खरवडून काढते. तेल दिसलं तर बेल्ट नवा असला तरी तो गेला असं समजा. आधी गळती बंद, मग दुसरा बेल्ट. पुसून चालवायचा नाही.

बेल्टला मधेच एखादी आडवी घडी दिसते का, तेही बघा. बेल्टच्या आत काचेच्या तंतूंचे दोर असतात. दुकानातून आणताना बेल्ट चपटा दुमडून रबरबँड लावून खिशात घातला, किंवा उलटा करून बघितला, की आतले तंतू तुटतात. वरून काही कळत नाही. असा बेल्ट काही महिन्यांत तिथेच तुटतो.

हाताने दोन फेऱ्या

सगळ्या कामात एवढंच करायचं ठरवलं तरी हे करा. माझ्याकडे आलेल्या दहातल्या आठ गाड्यांत हे राहून गेलेलं असतं.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, मागच्या चाकांना दगड. स्पार्क प्लग सगळे काढा. प्लग काढल्याने सिलेंडरमधला दाब निघून जातो आणि इंजिन हाताने सहज फिरतं. पण खरा फायदा वेगळा आहे: दाब नसला की हाताला जो अडथळा लागेल तो हवेचा नसतो, लोखंडाचा असतो. पिस्टन वर येऊन वॉल्व्हला टेकला तर ते हाताला लगेच कळतं. त्याच जागी सेल्फ मारला असता तर वॉल्व्ह वाकला असता.

क्रँकच्या मधल्या बोल्टवर गोटी लावा आणि इंजिन चालताना ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने फिरवा. बहुतेक गाड्यांत पुलीकडे तोंड करून उभं राहिलं तर ती घड्याळाच्या काट्याची दिशा. जुन्या होंडांची काही इंजिनं उलटी फिरतात, तेव्हा मॅन्युअल बघा. बोल्टपर्यंत हात जात नसेल आणि इंजिन पुढची चाकं फिरवत असेल (ओम्नीत मागची फिरतात, तिथे हे जमत नाही) तर पुढचं एक चाक उचलून खाली स्टँड लावा, गाडी टॉप गिअरला टाका, हँडब्रेक मागच्या चाकांना असतोच, आणि उचललेलं चाक पुढच्या दिशेला हाताने फिरवा. इंजिन आपोआप बरोबर दिशेने फिरतं. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर हे करायचं नाही.

पूर्ण दोन फेऱ्या. दोनच का, तर क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते आणि चारही स्ट्रोक पुरे होतात. एका फेरीत अर्धेच वॉल्व्ह उघडून झालेले असतात. दोन फेऱ्यांनंतर क्रँकच्या पुलीची खूण तिच्या खुणेवर आणि कॅमच्या पुलीची खूण तिच्या खुणेवर यायला हवी. दोन्ही एकाच वेळी.

इथे तीन गोष्टींत लोक फसतात.

पहिली, चुकीची खूण. बाहेरच्या मोठ्या पुलीवर जी खाच असते ती इग्निशन टायमिंगसाठी. बेल्टची खूण आतल्या दात्यांच्या पुलीवर, छोटा ठिपका. बाहेरची खाच धरून जुळवणाऱ्याच्या हातून सगळं नेटकं होतं आणि गाडी तरी चालत नाही. तसंच, पहिला पिस्टन वर आलाय म्हणजे जुळलं असंही धरू नका. खुणेला खूणच जुळवायची.

दुसरी, वाकून बघणं. वरून तिरकं बघितलं की जुळलेली खूणही अर्धा दात सरकलेली दिसते, आणि चुकलेली जुळल्यासारखी. मोबाइल पुलीच्या बरोबर समोर, सरळ रेषेत धरून फोटो काढा आणि फोटोत बघा. क्रँकच्या पुलीला २० दात असतील तर एका दाताला क्रँकचे १८ अंश होतात. ही चूक बारीक नाही. सरळ बघितली तर स्पष्ट दिसते.

तिसरी, नव्या बेल्टवरच्या रेघा. काही बेल्टवर कंपनीने पांढऱ्या रेघा छापलेल्या असतात, किंवा आपणच रंगाने केलेल्या असतात. दोन फेऱ्यांनंतर त्या रेघा जागेवर येत नाहीत आणि माणूस घाबरून बेल्ट पुन्हा काढतो. त्या येणारच नसतात. समजा क्रँकला २० दात आणि बेल्टला १०७, तर दोन फेऱ्यांत बेल्ट ४० दात पुढे सरकलेला असतो. रेघा फक्त बसवताना कामाच्या. नंतर पुल्यांच्या खुणाच बघायच्या.

फिरवताना कुठेही कडक अडलं तर तिथेच थांबा. जोर लावू नका. थोडं मागे घ्या, बेल्ट उतरवून पुन्हा जुळवा. काही इंजिनांत बेल्ट निसटला तरी पिस्टन आणि वॉल्व्ह एकमेकांना लागत नाहीत, काहींत लागतातच. तुमचं कोणतं ते माहीत नसेल तर लागणारंच आहे असं धरून चाला.

ताण

खुणा जुळल्या, पण आवाज आहे, तर टेन्शनर. स्प्रिंगवाल्या टेन्शनरचं काम सोपं आहे, तेवढंच ते लोक अवघड करतात. बोल्ट ढिला करा, स्प्रिंगला तिचा ताण घेऊ द्या, हाताने दोन फेऱ्या फिरवा, मग बोल्ट आवळा. यात आपला हात लागायचा नाही. पण ‘बेल्ट जरा सैलच वाटतो’ म्हणून टेन्शनरमागे स्क्रू ड्रायव्हर घालून पेलतात आणि त्याच स्थितीत बोल्ट आवळतात. मग तो घूंऽऽ आवाज येतो, टेन्शनरचं बेअरिंग जातं, आणि ज्या गाड्यांत वॉटर पंपही याच बेल्टवर आहे तिथे पंपाचं बेअरिंगही जातं.

हाताचा अंदाज असा: सर्वांत लांब सरळ भागावर बेल्ट अंगठा आणि बोटात धरून पिळला तर सुमारे पाव फेरी फिरावा. सहज त्याहून जास्त फिरला तर सैल, निम्माही फिरला नाही तर फार ताणलेला. हा अंदाजच आहे. मॅन्युअलात आकडा दिला असेल तर तो खरा.

सैल बेल्टचा धोका मात्र आवाजापुरता नाही. गाडी चढावर गिअरमध्ये लावून ठेवली आणि जराशी मागे सरकली, तर इंजिन उलटं फिरतं, टेन्शनरच्या बाजूला ताण येतो आणि सैल बेल्ट तिथे दात सोडतो. ‘रात्री चांगली लावली होती, सकाळी मिसिंग मारायला लागली’ अशा गाडीत मी पहिलं हेच विचारतो, गाडी चढावर उभी होती का.

दात चुकला असेल तर पुन्हा बसवणं

दोन्ही खुणा जुळवा. क्रँकच्या पुलीवर आणि कॅमच्या पुलीवर खुणेसमोर पांढरा रंग लावा, करेक्शन पेनही चालतं. टेन्शनर मागे ढकलून तात्पुरता आवळा. बेल्ट काढताच कॅमची पुली वॉल्व्हच्या स्प्रिंगच्या जोराने झटक्यात फिरू शकते, म्हणून ती एका हाताने धरून ठेवा. फिरलीच तर हळूहळू, अडथळा जाणवतो का बघत परत आणा.

नवा बेल्ट आधी क्रँकला घाला. मग ज्या बाजूला टेन्शनर नाही ती बाजू खेचून ताठ ठेवत कॅमला घाला. टेन्शनरची बाजू सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा झाला की ढील चुकीच्या बाजूला राहते. त्या वेळी खुणा जुळलेल्या दिसतात. टेन्शनर सोडला की तो ती ढील ओढून घेतो, कॅम सरकतो आणि दात चुकतो. घरी केलेल्या कामात दात चुकण्याचं हे सगळ्यांत मोठं कारण मी बघितलंय, आणि दोन फेऱ्या फिरवल्याशिवाय ते कळत नाही.

जुन्या बेल्टवरच्या खुणा मोजून नव्यावर उतरवण्याची युक्ती चांगली आहे. दोन्ही बेल्ट शेजारी ठेवायचे, दात मोजायचे, एकाला दुसरा बघून मोजायला लावायचा. पण जुना बेल्ट बरोबर बसलेला होता याची खात्री असेल तरच. गाडी आधीच मिसिंग मारत असेल तर त्या खुणा उतरवून तुम्ही जुनी चूक नव्या बेल्टवर घेता.

८०० सारख्या गाडीत बाहेरची पुली छोट्या बोल्टांनी लागलेली असते, मधला मोठा बोल्ट काढावा लागत नाही. म्हणूनच ही गाडी घरी करता येते. काही गाड्यांत मोठा बोल्ट काढावाच लागतो. तेव्हा गाडी टॉप गिअरला, कोणीतरी पायाचा ब्रेक गच्च दाबून बसलेलं, आणि चांगल्या गोटीला लांब पाइप. पाना टेकवून सेल्फ मारायचा तो प्रकार करू नका. पाना सुटला तर हात तुटतो. पुली थांबवायला जुन्या बेल्टचा आधार घेऊ नका, फ्लायव्हीलच्या दातांत स्क्रू ड्रायव्हर अडकवू नका.

परत आवळताना मात्र टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) हवा. या कामात उसना आणावा असा हा एकच पाना. तो बोल्ट कमी आवळला गेला तर क्रँकवरची ‘की’ (पुलीला क्रँकवर जागेवर धरणारी लोखंडाची छोटी चीप) हळूहळू झिजते, पुली थोडी थोडी डुलते आणि टायमिंग कधी बरोबर, कधी चुकीचं होत राहतं. पुली हाताने हलवून बघा. जराही डुलली तर बेल्टचा दोष शोधणं थांबवा.

तेल आणि पाणी

वरच्या तपासणीत बेल्टला तेल लागलेलं दिसलं असेल तर ते कुठून येतं ते शोधा. वरून ओघळत असेल तर कॅमचं ऑइल सील किंवा टप्पेट कव्हरचं (इंजिनाच्या सर्वांत वरच्या झाकणाचं) पॅकिंग, खालीच असेल तर क्रँकचं सील. टप्पेट कव्हरचं पॅकिंग घरी बदलता येतं. सील काढताना स्क्रू ड्रायव्हर शाफ्टला लागला आणि चरा पडला तर नवं सीलही गळतं, म्हणून आधी हात बसलेला नसेल तर ते काम मी करू नका म्हणेन. वॉटर पंप याच बेल्टवर असेल तर त्याच्या पुलीला हाताने फिरवा. खरखर लागली किंवा खालच्या भोकातून कूलंटचा डाग दिसला तर पंप बदला. चांगला बेल्ट अडकलेल्या पंपावर एका दिवसात जळतो.

इथे थांबा, मेकॅनिककडे जा

हाताने फिरवताना दोनदा पुन्हा जुळवूनही अडथळा येतो. खुणा बरोबर आहेत, ताण बरोबर आहे, तरी एक सिलेंडर मेलेला आहे: वॉल्व्ह वाकलेला असू शकतो, कॉम्प्रेशन गेज लावल्याशिवाय कळणार नाही आणि पुढचं काम हेड (इंजिनाचा वरचा, वॉल्व्ह असलेला भाग) उतरवण्याचं आहे. चालत्या गाडीत बेल्ट तुटला होता. बोल्टचं डोकं उडालं किंवा आटे गेले. क्रँकची ‘की’ झिजलीये. गाडी डिझेलची आहे आणि हाच बेल्ट इंजेक्शन पंपही फिरवतो. दोन कॅम आहेत, किंवा टेन्शनर हायड्रॉलिक आहे.

अशी गाडी टो करूनच न्या. ‘गॅरेजपर्यंतच तर जायचंय’ म्हणून तीन किलोमीटर चालवून नेलेल्या एका सँट्रोचं काम बेल्टवरून हेडवर गेलं, आणि ती गाडी एका शाळेतल्या शिपाईमामांची होती. त्या बिलासाठी त्यांना सोसायटीतून कर्ज काढावं लागलं. मेकॅनिककडे गेल्यावर तुम्ही काय काय काढलं, बेल्ट कसा बसवला, हाताने फिरवताना कुठे अडलं हे सगळं सांगा. लपवू नका. त्याचा अर्धा दिवस वाचतो, तुमचे पैसे वाचतात.

सगळं जुळलं असेल तर प्लग लावा, बॅटरी जोडा, वरचं कव्हर लावा आणि गाडी स्टार्ट करून पाच मिनिटं आयडलला ऐका. पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर कव्हर उघडून एकदा बेल्टच्या कडा परत बघा. आणि कव्हरच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने तारीख, किलोमीटर आणि बेल्टचा पार्ट नंबर लिहून ठेवा. बेल्ट किलोमीटरने जसा संपतो तसा वर्षांनीही संपतो, आणि गाडी पुढे ज्याच्या हातात जाईल त्याला बेल्ट कधी बदलला हे कव्हर उघडताच कळेल.